उजव्यांच्या बाजारात पुरोगामी टॉक रेडिओ कुठे रुजला आणि का

प्रश्न असा आहे: अमेरिकेत टॉक रेडिओ म्हटलं की उजवे निवेदकच आठवतात. २००४ नंतर तिथे उदारमतवादी टॉक रेडिओही वाढला असं वाचलं, पण त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव, एअर अमेरिका, सहा वर्षांच्या आतच बंद पडलं. मग वाढ झाली ती कुठे? उजव्यांचा वरचष्मा असलेल्या बाजारात असं केंद्र चालू शकतं का?

चालू शकतं. चाललं आहे, आणि काही गावांत आजही चालतंय. मी अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे मध्य-पश्चिम भागात, एका मध्यम शहरात रेडिओच्या प्रोग्रॅमिंगमध्ये आणि नंतर जाहिरात विक्रीत काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो, या प्रश्नाचं उत्तर निवेदकांच्या नावांत शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. प्रसारणाचा मनोरा कुणाच्या मालकीचा, रात्री आवाज कुठपर्यंत पोचतो, सकाळी माइकपुढे गावातला माणूस आहे का आणि जाहिरात मागायला कोण हिंडतं, हे विचारलं की उलगडा व्हायला लागतो.

भारतात राहणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आपल्याकडे खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा प्रसारित करण्याची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र लावता येतं. त्यामुळे एकच माणूस रोज तीन तास राजकारणावर बोलतो, श्रोत्यांचे फोन घेतो, वाद घालतो आणि मधेच त्याच आवाजात गादीची नाहीतर सोन्याच्या नाण्यांची जाहिरात वाचतो, हा प्रकार इथल्या श्रोत्याने अनुभवलेलाच नसतो. अमेरिकेत मात्र कोट्यवधी लोक वर्षानुवर्षं गाडी चालवताना, ट्रॅक्टरवर, कारखान्यात, गॅरेजमध्ये हेच ऐकत आले.

हा बाजार उजव्यांकडे गेला त्यामागे बरंचसं तंत्र आणि हिशेब आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस संगीत ऐकणारे श्रोते एएम सोडून एफएमवर गेले, कारण तिथे स्टिरिओ होता आणि खरखर नव्हती. मोठ्या ताकदीची एएम केंद्रं ओस पडली. त्यांना स्वस्तात दिवस भरून काढणारा माल हवा होता, आणि बोलणं स्वस्त असतं. १९८७ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामक आयोगाने, १९४९ पासूनचा फेअरनेस डॉक्ट्रिन रद्द केला. वादाच्या विषयांना वेळ द्या आणि परस्परविरोधी मतं श्रोत्यांपर्यंत पोचवा, अशी ती अट होती. संसदेने ती कायद्यात घालायचा प्रयत्न केला, पण राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. वर्षभरात, १ ऑगस्ट १९८८ रोजी, रश लिंबॉ या उजव्या निवेदकाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

इथे लोक नेहमी डॉक्ट्रिनवर बोट ठेवतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. डॉक्ट्रिनने दोन्ही बाजूंना मोजून सारखा वेळ द्या असं कधीच म्हटलं नव्हतं. उद्या तो परत आणला तर पुरोगामी कार्यक्रम वाढतील, या आशेत मला दम वाटत नाही. मालक कटकट नको म्हणून राजकारणच काढून टाकतील आणि खेळांचे कार्यक्रम लावतील.

लिंबॉ यांच्या यशातला खरा धडा विक्रीचा होता. एबीसी रेडिओचे माजी अध्यक्ष एड मॅकलॉक्लिन यांनी हा कार्यक्रम केंद्रांना फुकट दिला आणि मोबदल्यात तासातली जाहिरातींची काही मिनिटं स्वतःकडे ठेवली. याला बार्टर म्हणतात. लहान गावातल्या केंद्रचालकाच्या बाजूने बघा: दुपारच्या तीन तासांसाठी निवेदकाचा पगार नाही, निर्मात्याचा पगार नाही, आणि वर श्रोते तयार. नाही म्हणायला त्याच्याकडे कारणच नव्हतं. शिवाय हा माणूस माइकवर विलक्षण होता. त्यांचं राजकारण मला पटत नव्हतं, पण नुसत्या आवाजाने, कागद चुरगाळण्याने, थांबण्याने श्रोत्याला धरून ठेवण्याची त्यांची हातोटी कोणत्याही विचाराच्या निवेदकाने अभ्यासावी अशी होती.

मग आला १९९६ चा दूरसंचार कायदा. त्याआधी एका मालकाला देशभरात २० एएम आणि २० एफएम एवढीच केंद्रं ठेवता येत होती. ही मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल या एकाच कंपनीने बाराशेहून अधिक केंद्रं गोळा केली. लिंबॉ यांचा कार्यक्रम वितरित करणारी प्रीमिअर ही कंपनीही तिच्याच छत्राखाली आली. कार्यक्रमही त्यांचा, मनोराही त्यांचा. आता पुरोगामी निवेदकाने दार ठोठवायचं ते कुणाचं?

२००७ मध्ये सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस आणि फ्री प्रेस या संस्थांनी पाच मोठ्या मालकांच्या २५७ टॉक केंद्रांची मोजणी केली. आठवड्याच्या कामाच्या दिवसांतल्या बोलण्यापैकी ९१ टक्के उजवं निघालं, ९ टक्के पुरोगामी. या संस्था डाव्या विचाराच्या आहेत हे खरं, पण त्यांच्या आकड्याने आमच्या धंद्यातल्या कुणालाच धक्का बसला नाही. आम्ही तेच रोज बघत होतो.

त्या काळात एक वाक्य फार ऐकू यायचं: डाव्यांना रेडिओ जमत नाही, ते फार गुंतागुंतीचं बोलतात, त्यांना चिडता येत नाही. मला हे कधीच पटलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या केजीओ केंद्रावर डाव्या मतांचे निवेदक वर्षानुवर्षं होते आणि ते केंद्र दीर्घकाळ शहरात अव्वल होतं. डेन्व्हरच्या केओएवर ॲलन बर्ग असा काही भिडायचा की त्याचा आवाज रात्री कित्येक राज्यांत ऐकला जायचा. जून १९८४ मध्ये गोऱ्या वर्चस्ववादी टोळीने त्याला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या. ज्याला बोलता येत नाही अशा माणसाला कुणी बोलण्यासाठी ठार मारत नाही.

खरी अडचण वेगळी होती. उदारमतवादी श्रोता रेडिओवर होताच, पण तो विखुरलेला होता. सुशिक्षित, शहरी श्रोता एनपीआरवर, म्हणजे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या सार्वजनिक रेडिओवर. कृष्णवर्णीय श्रोता आपल्या समाजाच्या केंद्रांवर, उदाहरणार्थ शिकागोच्या डब्ल्यूव्हीओएनवर. स्पॅनिश बोलणारा श्रोता स्पॅनिश केंद्रांवर. २००६ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा निघाला, त्यासाठी लोकांना हाक देणाऱ्यांत ‘पिओलिन’ या नावाने ओळखला जाणारा स्पॅनिश रेडिओचा सकाळचा निवेदक आघाडीवर होता. त्याला टॉक रेडिओच्या यादीत कुणी धरलं नाही. उजव्यांचा श्रोता मात्र बराचसा एका वयाचा, एका भाषेचा, एका सवयीचा आणि एकाच बँडवर बसलेला. विकायला तो फार सोपा होता.

या पार्श्वभूमीवर २००४ सालाकडे बघा. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या वाटांनी पुरोगामी रेडिओ बाजारात उतरला आणि त्यांतल्या फरकातच बरंचसं उत्तर आहे.

पहिली वाट निघाली नॉर्थ डकोटातल्या फार्गोहून. तिथे निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार आरामात जिंकतो. एड शुल्ट्झ हा तिथला खेळाचा समालोचक, पूर्वी स्वतः अमेरिकन फुटबॉल खेळलेला, आणि सुरुवातीला मतांनी उजवा. नंतर त्याचे विचार बदलले. बेघरांसाठीच्या आश्रयस्थानात काम करणाऱ्या, पुढे त्याची पत्नी झालेल्या बाईंमुळे आपले डोळे उघडले, असं तो सांगायचा. जानेवारी २००४ मध्ये त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम अक्षरशः दोन लहान केंद्रांवर सुरू झाला आणि साधारण दोन वर्षांत शंभराच्या आसपास पोचला. त्याच्या बोलण्यात शिकार होती, मासेमारी होती, गव्हाचे भाव, कामगार संघटना, औषधांच्या किमती होत्या. उजव्या निवेदकाच्या मागेपुढे तो लावला तरी श्रोता दचकत नसे, कारण आवाज त्याच मातीतला होता. त्याने मनोरे भाड्याने घेतले नाहीत, मोठं कार्यालय थाटलं नाही, कार्यक्रम केंद्रांना बार्टरवर दिला. लिंबॉ यांची पद्धत नीट समजून घेऊन वापरणारा पुरोगामी माणूस मला आधी तोच दिसतो.

दुसरी वाट न्यूयॉर्कची. शिकागोतल्या शेल्डन आणि अनिता ड्रोब्नी या गुंतवणूकदार दांपत्याने आधी कल्पना मांडली. पुढे मालकी दुसऱ्यांकडे गेली आणि ३१ मार्च २००४ रोजी एअर अमेरिका प्रसारित झाली. दुपारी अल फ्रँकन, नंतर रँडी ऱ्होड्स, रात्री जनीन गरोफालो आणि सॅम सीडर, सकाळी मार्क मॅरन, आणि त्या वेळी फारशी कुणाला माहीत नसलेली रेचल मॅडो. माणसं निवडण्यात त्यांची नजर चांगलीच होती, हे काळाने दाखवलं. मॅडो २००८ मध्ये एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीवर रात्रीचा कार्यक्रम करू लागली, फ्रँकन ३१२ मतांनी जिंकून अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेला आणि मॅरनने २००९ मध्ये पुढे जगभर गाजलेलं पॉडकास्ट सुरू केलं.

पण यांतले बरेचजण विनोदवीर होते, आणि ऱ्होड्स वगळता फार कमी जणांना रोजच्या रेडिओची सवय होती. रंगमंचावरचा विनोदवीर वीस मिनिटं टाळ्या घेतो. रेडिओवर रोज तीन तास, दर पंधरा मिनिटांनी नवा श्रोता गाडीत बसतो, त्याला विषय पुन्हा नव्याने सांगावा लागतो, आणि जुन्या श्रोत्याला त्याचा कंटाळाही येऊ द्यायचा नसतो. हे कसब आहे, ते वर्षं घेतं. त्याहून मोठी अडचण पैशाची. एअर अमेरिकाने मोठ्या शहरांत केंद्रं भाड्याने घेतली. उजव्यांचा कार्यक्रम केंद्रांना फुकट मिळत होता, आणि इथे कार्यक्रम करणाराच केंद्राला पैसे मोजत होता. दोन आठवडे होतात न होतात तोच पैशांच्या वादातून शिकागो आणि लॉस एंजेलिसची केंद्रं हातातून गेली. मुळात सांगितला गेला तेवढा पैसा कधी आलाच नव्हता. पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या मुलांसाठीच्या एका संस्थेकडून ८,७५,००० डॉलर या कंपनीकडे वळवल्याचं उघड झालं. ऑक्टोबर २००६ मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली तोवर सुमारे ४ कोटी डॉलर बुडाले होते. नवे मालक आले, तरी २१ जानेवारी २०१० रोजी सगळं संपलं.

न्यूयॉर्कच्या केंद्राबद्दल एक गोष्ट मला आजही खटकते. डब्ल्यूएलआयबी हे एएमच्या ११९० या फ्रीक्वेन्सीवरचं केंद्र शहरातल्या कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन समाजाचं बोलण्याचं ठिकाण होतं. ते एअर अमेरिकाला भाड्याने गेलं आणि त्या समाजाच्या कार्यक्रमांचा बराच वेळ गेला. समतेचं बोलणारं नेटवर्क उभं राहिलं ते आधीपासून बोलत असलेल्या लोकांच्या जागेवर. डाव्या रेडिओच्या इतिहासात याची नोंद फार थोडे लोक घेतात.

आता पोर्टलंड. माझ्या मते सगळ्या कहाणीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. ऑरेगनमधल्या या शहरात क्लिअर चॅनलच्याच मालकीचं केपीओजे हे ६२० वरचं केंद्र होतं. आधी ते जुनी गाणी लावायचं आणि त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. ३१ मार्च २००४ पासून त्याने एअर अमेरिका लावायला सुरुवात केली. रेटिंग काही महिन्यांत अनेक पटींनी वर गेलं. न्यूयॉर्कमध्ये धडपडणारा तोच माल पोर्टलंडमध्ये का चालला? एक तर ६२० ही एएम पट्ट्याच्या खालच्या टोकाची फ्रीक्वेन्सी. तिथला तरंग जमिनीलगत लांब जातो, त्यामुळे उपनगरातल्या स्वयंपाकघरातही आवाज स्वच्छ. दुसरं, शहर आधीच डावीकडे झुकलेलं आणि इराक युद्धामुळे अस्वस्थ. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: सकाळचा कार्यक्रम स्थानिक होता. आधी थॉम हार्टमन, नंतर कार्ल वुल्फसन. सकाळी पूल बंद आहे का, शाळांच्या करावर मतदान कधी, महापौर काय म्हणाला, हे बोलणारा माणूस गावात राहणारा होता. श्रोता सकाळी आपल्या गावासाठी रेडिओ लावायचा आणि दुपारी फ्रँकनला ऐकत तिथेच राहायचा.

पोर्टलंडचे आकडे बघून क्लिअर चॅनलने स्वतःची इतर अनेक मरगळलेली एएम केंद्रं पुरोगामी करून टाकली: सॅन डिएगो, लॉस एंजेलिस, ॲशव्हिल, आणखी कितीतरी. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये तर थेट एफएमवर, ९२.१. पुरोगामी टॉक रेडिओची जी वाढ तुम्ही वाचली ती मुख्यतः हीच. एका उजव्या समजल्या जाणाऱ्या कंपनीने ती केली, आणि शुद्ध धंदा म्हणून केली. आपल्याच इतर केंद्रांचे श्रोते खाणार नाही असा एक नवा प्रकार त्यांना मिळाला होता. पण ज्या हिशेबाने दार उघडलं, त्याच हिशेबाने पुढे ते बंदही झालं.

बहुतेक ठिकाणी पुरोगामी कार्यक्रमांना दिली गेली ती मालकाच्या घरातली सर्वांत दुबळी केंद्रं. आणि दुबळं म्हणजे काय ते तिथे काम केल्याशिवाय कळत नाही. एएमचे तरंग सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, म्हणून दूरच्या केंद्राशी टक्कर टाळायला लहान केंद्रांना संध्याकाळी ताकद कमी करावी लागते किंवा गप्प बसावं लागतं. मिनेसोटा, विस्कॉन्सिनमध्ये डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आसपास मावळतो. लोक कामावरून घरी निघतात नेमके तेव्हा. जाहिरातीचा सगळ्यांत महाग तास सुरू होतो आणि तुमचं केंद्र शहराच्या वेशीवरच विरून जातं. मी ज्या केंद्रात होतो तिथे हिवाळ्यात फोन यायचे: बाई रागावून विचारायच्या, की तुम्ही आमचा कार्यक्रम मुद्दाम बंद करता का? त्यांना सूर्याचं कारण सांगताना मला फार वाईट वाटायचं. त्याच वेळी शहरातलं पन्नास हजार वॅटचं उजवं केंद्र तीन राज्यांत खणखणीत ऐकू येत असे.

मग अनेकजण विचारत, त्या पन्नास हजार वॅटवरच लिंबॉनंतर एक डावा कार्यक्रम का लावत नाही? प्रोग्रॅम डायरेक्टर ते करत नाही, आणि त्याच्या जागी मीही केलं नसतं. नाट्यसंगीत ऐकायला बसलेल्या माणसाला मधेच क्रिकेटचं समालोचन लावलं तर तो उठून जातो, त्याला क्रिकेट आवडत असलं तरी. श्रोता केंद्राला एक स्वभाव समजून जवळ करतो; शुल्ट्झसारखा त्याच मातीतला आवाज हा विरळा अपवाद. म्हणून पुरोगामी कार्यक्रमाला पूर्ण केंद्रच लागतं. एखादा तास मागून भागत नाही.

आता जाहिराती. हा भाग रुक्ष वाटेल, पण केंद्रं इथेच जगतात आणि मरतात. आमच्या धंद्यात पॉवर रेशो म्हणून एक मोजमाप आहे: शहरातल्या श्रोत्यांतला तुमचा वाटा किती आणि शहरातल्या रेडिओ-जाहिरातींच्या पैशातला वाटा किती, यांचं गुणोत्तर. संगीताच्या चांगल्या केंद्राचं ते एकाच्या वर असतं. पुरोगामी केंद्रांचं एकाच्या बरंच खाली असायचं. श्रोते होते, सुशिक्षित होते, कमावते होते, पण मोठ्या जाहिरातदारांच्या एजन्सीकडून येणाऱ्या ऑर्डरवरच लिहिलेलं असायचं की राजकीय बोलण्यात आमची जाहिरात नको. २००६ मध्ये एबीसी रेडिओचं एक अंतर्गत पत्र बाहेर आलं. एअर अमेरिकाच्या कार्यक्रमांत आपली जाहिरात लागू नये असं सांगणाऱ्या सुमारे नव्वद जाहिरातदारांची त्यात यादी होती, मोठमोठ्या कंपन्यांसकट. उजव्या कार्यक्रमांनाही असं टाळणारे होते, पण त्यांच्याकडे श्रोत्यांचा ढीग एवढा होता की सोनं, गाद्या, औषधी गोळ्या विकणारे थेट विक्रीवाले रांगेत उभे असत. २०१२ मध्ये सँड्रा फ्लूक या विद्यार्थिनीबद्दल लिंबॉ जे घाणेरडं बोलले त्यानंतर जाहिरातदारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकंदर वादग्रस्त बोलण्यापासूनच चार हात लांब राहायचं ठरवलं. पुरोगामी केंद्रांचा यात काही दोष नव्हता, तरी झळ त्यांनाही लागली.

मग चालतं काय? गावातला पैसा. सहकारी किराणा दुकान, क्रेडिट युनियन म्हणजे पतसंस्था, छपरावर सौर पटल बसवणारा, सायकलींचं दुकान, कामगार संघटनेची शाखा, नुकसानभरपाईचे खटले लढवणारा वकील, पुस्तकांचं दुकान. यांतल्या कुणाचीही एजन्सी नसते. विकणाऱ्याला स्वतः दुकानात जावं लागतं, मालकाशी बोलावं लागतं, आणि निवेदकाने ती जाहिरात स्वतःच्या तोंडून वाचावी लागते. पुरोगामी श्रोता अशा दुकानाला जी निष्ठा दाखवतो ती मी संगीताच्या कुठल्याही केंद्रावर बघितली नाही. ‘तुमचं नाव रेडिओवर ऐकून आलो’ असं गिऱ्हाइकाने काउंटरवर सांगितलं की तो दुकानदार पुढची अनेक वर्षं जाहिरात बंद करत नाही. अडचण एवढीच की क्लिअर चॅनलसारख्या कंपनीत एका विक्रेत्याच्या पेटीत सहा केंद्रं असतात. कंट्री संगीताची एक मोठी ऑर्डर फोनवर मिळत असताना तो सायकलींच्या दुकानात कशाला जाईल? त्याचं कमिशन त्याला जिथे नेतं तिथे तो जातो. जी केंद्रं फक्त पुरोगामी टॉक विकणारी माणसं वेगळी ठेवायची, ती तगली.

एकापाठोपाठ दिवे मालवले गेले ते असे. सॅन डिएगो २००७ च्या अखेरीस खेळाकडे गेलं. पोर्टलंडचं केपीओजे नोव्हेंबर २०१२ मध्ये, ओबामा दुसऱ्यांदा निवडून आल्यावर काही दिवसांतच, खेळाचं केंद्र झालं. श्रोत्यांना तर निरोप घ्यायलाही मिळाला नाही. सिएटल २०१३ च्या जानेवारीत, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस २०१४ च्या सुरुवातीला. लॉस एंजेलिसमध्ये ११५० वर पुरोगामी आवाजाच्या जागी थेट लिंबॉच आले. मॅडिसनची गोष्ट थोडी निराळी. २००६ च्या अखेरीस तिथलं केंद्र खेळाकडे वळवायचं ठरलं होतं, पण श्रोत्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतली, गावातले जाहिरातदार उभे राहिले आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. ते केंद्र त्यानंतर जवळपास दहा वर्षं, २०१६ च्या नोव्हेंबरपर्यंत, चाललं. धंद्यात असं क्वचितच घडतं, आणि ते घडलं तेही जाहिरातदार सभेला आले म्हणून. नुसत्या सह्यांनी कंपनी हलली नसती.

आता जी टिकली त्यांच्याकडे बघा. मिनेसोटात एएम ९५०, २००४ पासून. बराच काळ मालक होत्या जॅनेट रॉबर्ट, ज्यांनी २००२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून अमेरिकी संसदेची निवडणूक लढवली होती. शिकागोत डब्ल्यूसीपीटी, २००५ पासून, सुरुवातीची बरीच वर्षं फ्रेड आयकॅनर यांच्या न्यूजवेब या कंपनीकडे. ८२० ची फ्रीक्वेन्सी रात्री अपुरी पडायची म्हणून त्यांनी उपनगरांतल्या लहान एफएम केंद्रांची जोड दिली. दोन्ही ठिकाणी मालकाला हे केंद्र हवं होतं. एखादी तिमाही वाईट गेली म्हणून ते खेळाकडे वळले नाहीत. उजव्यांकडे अशी मालकी आधीपासून होती. सेलम ही ख्रिस्ती कार्यक्रमांची कंपनी बघा, ती केंद्रं धंदा म्हणून चालवते आणि ध्येय म्हणूनही. डाव्यांकडच्या धनिकांनी निवडणुकीच्या जाहिरातींवर दर दोन वर्षांनी डोंगराएवढा पैसा ओतला, पण एखादं केंद्र विकत घेऊन ते दहा वर्षं सांभाळावं असं फार थोड्यांना वाटलं. माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे.

म्हणून विस्कॉन्सिनमध्ये सध्या जे चाललंय त्याकडे मी लक्ष ठेवून आहे. मिलवॉकीत डब्ल्यूआयएसएनसारख्या केंद्रांवर उजव्या टॉकचं वर्षानुवर्षं राज्य होतं, आणि राज्याच्या राजकारणात त्याचं वजन उघड दिसायचं. सॉफ्टवेअर क्षेत्रात पैसा मिळवलेल्या सेज वाइल यांनी २०२२ मध्ये सिव्हिक मीडिया नावाची कंपनी काढून राज्यभर लहानलहान केंद्रं विकत घ्यायला सुरुवात केली. मॅडिसन आणि मिलवॉकी परिसराबरोबर रसीन, वॉसॉसारखी गावंही त्यात आहेत. सगळी केंद्रं दिवसभर राजकारण बोलत नाहीत. काही ठिकाणी संगीत आहे, शाळांचे सामने आहेत, स्थानिक बातम्या आहेत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्या गावात वर्तमानपत्र बंद पडलंय तिथे शाळेच्या सामन्याचा निकाल सांगणारं केंद्र लोक लावतात, आणि मग त्याच केंद्रावरचं राजकारणही ऐकून घेतात. शुल्ट्झने फार्गोत जे एकट्याने केलं ते इथे संस्था म्हणून होऊ बघतंय. पैसा अजून मालकाच्या खिशातून किती जातो, यावर पुढचं बरंच ठरेल.

हे सगळं घडत असताना खुद्द एएमची जमीनच सरकतेय. क्लिअर चॅनलचं नाव बदलून आयहार्ट झालं, २०१८ मध्ये ती कर्जापायी दिवाळखोरीत गेली. क्युम्युलस ही दुसरी मोठी रेडिओ कंपनी त्याआधी काही महिने, २०१७ च्या अखेरीस. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतून एएम काढायला कंपन्यांनी सुरुवात केली, तेव्हा संसदेत त्याविरुद्ध विधेयक आणावं लागलं, आणि त्याला पाठिंबा देणाऱ्यांत उजव्या टॉकचे चाहते खासदारही पुढे होते. पुरोगामी श्रोता तोवर बराचसा दुसरीकडे गेला होता. स्टेफनी मिलर, थॉम हार्टमन यांच्यासारखे निवेदक सिरिअसएक्सएम या उपग्रह रेडिओच्या १२७ क्रमांकाच्या वाहिनीवर ऐकू येतात. सॅम सीडरचा एअर अमेरिकातला कार्यक्रम यूट्यूबवर आजही रोज चालतो. २०१७ पासून ओबामांच्या माजी भाषणलेखकांनी आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या पॉडकास्ट कंपनीने तर एअर अमेरिकाला स्वप्नातही दिसला नसता एवढा श्रोता जमवला. याला वाढ म्हणायची का? श्रोत्यांच्या संख्येत, नक्कीच. पण पॉडकास्ट ऐकणाऱ्याने ते स्वतःहून शोधलेलं असतं, म्हणजे तो आधीच पटलेला असतो. रेडिओवर माणूस बटण फिरवताना चुकून थांबतो. ट्रकवाला, शेतकरी, रात्रपाळीची नर्स. त्या चुकून थांबणाऱ्या माणसासाठीच मी हा धंदा पत्करला, आणि तो अजून एएम-एफएमवरच भेटतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर. उजव्यांच्या बाजारात असं केंद्र सुरू करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर मी त्याला निवेदक कोण हे शेवटी विचारतो. आधी रात्रीच्या प्रसारणाचा नकाशा मागतो, आणि डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी पाच वाजता गाडीत बसून शहराच्या चारही बाजूंना स्वतः फिरून ये म्हणतो. एएम दुबळं असेल तर त्याच्या जोडीला एफएमचा छोटा ट्रान्सलेटर, म्हणजे तोच कार्यक्रम एफएमवर पुन्हा प्रसारित करणारं कमी ताकदीचं यंत्र, मिळतो का ते बघ. केंद्र भाड्याने घेऊ नकोस. विकत घेता येत नसेल तर थांब. सकाळच्या तीन तासांसाठी गावातला माणूस शोध, त्याला राजकारण थोडं कमी कळलं तरी चालेल, पण गावात कुणाचं दुकान बंद झालं हे त्याला माहीत हवं. उरलेला दिवस बार्टरवर मिळणाऱ्या चांगल्या राष्ट्रीय कार्यक्रमांनी भरता येतो, त्यांची आज वाण नाही. आणि निवेदकाच्या आधी दोन विक्रेते नेम, ज्यांच्याकडे विकायला दुसरं काहीही नसेल. पहिली तीन वर्षं तोटा धरूनच हिशेब मांड आणि तेवढे पैसे बँकेत नसतील तर माइक चालू करू नकोस, कारण पगार थकल्यावर पहिल्यांदा सोडून जातात ते विक्रेते, आणि ते गेले की पुढच्या महिन्यात केंद्र खेळाकडे वळतं.